कडूबाचा आळस

केदारखेडा मागे टाकून भोकरदनकडे निघालं की एक फाटा लागतो. बहात्तरचा दुष्काळ सरून दोन पावसाळे झाले होते, त्या सुमारास या फाट्यावर एक लिंब, एक हापसा आणि साहेबरावांचं हॉटेल एवढंच होतं. लिंबाला सावली होती, हापशाला पाणी होतं आणि हॉटेलला कडूबा होता.

कडूबा हॉटेलचा वेटर. साहेबराव गल्ल्यावर बसत, त्यांची बायको गिरिजाबाई मागच्या बाजूला भजी तळत, आणि या दोघांच्या मध्ये जे काही हलवायचं असेल ते कडूबाने हलवावं, अशी साहेबरावांची अपेक्षा होती. कडूबा गिरिजाबाईंचा धाकटा भाऊ, त्यामुळे प्रकरण अपेक्षेच्या पुढे जात नव्हतं. तो भट्टीशेजारच्या कोळशाच्या पोत्यावर बसलेला असे. पोत्याला त्याच्या बैठकीचा आकार आला होता. गिऱ्हाईक आलं की तो डोळे उघडत असे. बाकी काही नाही, डोळे.

"चहा दे रे," गिऱ्हाईक म्हणे.

"उकळून राह्यला."

"अरे, भट्टी तर विझलेली दिसती."

"मंग पेटल्यावर उकळंल."

पाणी मागितलं तर तो हनुवटीने हापसा दाखवी. भजी मागितली तर आधी विचारी, "भूक लागली का उगंच?" उगंच असेल तर तेल तापवायचा खर्चा कशाला, असं त्याचं म्हणणं. भोकरदनला कापडाचं दुकान असलेले रामनिवास शेटजी बाजाराला जाता-येता तिथे थांबत. ते कांदा खात नसत.

"कडूबा, ही भजी कांद्याची की बटाट्याची?"

"खाऊन बघा शेटजी. कळलं की मला पण सांगा."

शेटजी मग शेव मागवत. चहा ते स्वतःच्या पितळी पेल्यातून पीत. हॉटेलच्या कपाला तोंड लावायचं नाही, असा त्यांच्या घरचा नेम होता, आणि हॉटेलचे कप पाहिल्यावर तो नेम धर्माचा की आरोग्याचा हे सांगणं कठीण होतं. भट्टीशेजारी एक बादली असे. उष्टा कप त्या बादलीत एकदा बुडवून काढला की तो धुतला. सकाळी बादलीत पाणी असे, दुपारनंतर त्याचा रंग हॉटेलच्या चहासारखा होई आणि संध्याकाळी तर बादलीतून निघालेला कप आत गेलेल्या कपापेक्षा मळका दिसे.

फाट्यावरून आत चालत गेलं की जे गाव लागतं, तिथल्या हायस्कूलात मी विज्ञान शिकवायला लागले होते. राहत होते भोकरदनला. शाळा सुटली की चालत फाट्यावर यायचं आणि यस्टीची वाट बघायची. यस्टीचा स्वभाव कडूबासारखाच होता, म्हणून बसायला जागा लागायची.

प्रश्न होता तो मी कुठे बसायचं हा.

हॉटेलच्या आत बाकं होती. बाहेर भिंतीला लागून एक लाकडी ओंडका होता, आणि त्याच्या वर, भिंतीतल्या कोनाड्यात काही कप. गावातल्या आमच्या समाजाच्या वस्तीतली माणसं शेतावरून येताना त्या ओंडक्यावर बसून त्या कोनाड्यातल्या कपातून चहा पीत. तिथेच बसा असं त्यांना कोणी म्हणत नव्हतं. कायदा होता ना. छप्पन सालानंतर आम्ही सगळे बौद्ध झालो होतो, पण ओंडका जिथे होता तिथेच होता.

पहिल्या दिवशी मी सरळ आत जाऊन भिंतीकडच्या बाकावर बसले. त्यात धाडस वगैरे नव्हतं. पाय दुखत होते आणि बाक रिकामं होतं. पण माझी जात गावात माझ्या आधी पोचली होती. शाळेच्या कमिटीवर असलेले सर्जेराव पाटील समोर बसले होते, त्यांनी साहेबरावांकडे पाहिलं. साहेबरावांनी कडूबाकडे पाहिलं. कडूबाचे डोळे मिटलेले होते.

साहेबराव खाकरले. कडूबाने डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं, दाजींकडे पाहिलं आणि काय करायला सांगितलं जात आहे हे त्याला समजलं. मला उठवायचं तर आधी त्याला उठावं लागणार होतं. मग बाकांच्या मधून वाट काढत येऊन एक अख्खं वाक्य बोलावं लागलं असतं. मी उलट काही विचारलं असतं तर दुसरं. त्याने हात लांब करून जवळचा कप उचलला, बसल्या जागेवरून चहा ओतला आणि बाकावरून माझ्याकडे सरकवला.

"घ्या बाई," तो म्हणाला. "साखर कमी असंल तर पुढच्या टायमाला सांगा."

अस्पृश्यता पाळणं हे फार कष्टाचं काम आहे. कप वेगळे ठेवायचे, वेगळे धुवायचे, कोण आला, कोणाचा कोण, कुठे बसला यावर नजर ठेवायची. त्यासाठी माणूस तरतरीत लागतो, कामाची आवड लागते. कडूबाकडे यातलं काहीच नव्हतं, म्हणून मी आत बसत राहिले. सर्जेराव साहेबरावांनी बोलावं याची वाट बघत राहिले, आणि साहेबराव कायद्याला भिऊन गल्ल्यातच बघत राहिले.

वस्तीत मात्र ही बातमी झाली. वस्तीतल्या मुलांना घरी जायला पांदीची वाट जवळची होती, तरी ती शाळा सुटल्यावर मुद्दाम फाट्यावरून जाऊ लागली. दारातून आत डोकावत. मी बाकावर दिसले की पळत. सकाळी वर्गात त्यांची हजेरी मी घेत होते आणि संध्याकाळी माझी ती मुलं. मला तो चहा अजिबात आवडत नव्हता. पण गैरहजर राहायची सोय उरली नव्हती.

त्या काळात कडूबाने आमच्यात कोणताही भेद केला नाही. सर्जेरावांचा चहा जितका थंड, तितकाच माझा. हेडमास्तरांच्या कपात माशी निघाली तेव्हा तो म्हणाला, "जित्ती हाय का मेली?" मेली आहे म्हटल्यावर, "मंग काय पिणार हाय ती?" म्हणून परत पोत्याला टेकला.

हे असंच चाललं असतं, पण सर्जेरावांनी बी.डी.ओ. साहेबांना चहाला आणलं.

गावाच्या पाझर तलावाचं काम अडलं होतं आणि ते सुटावं म्हणून सर्जेरावांना साहेबांशी गोड बोलायचं होतं. जीप फाट्यावर थांबली. सर्जेरावांनी स्वतःच्या धोतराच्या सोग्याने बाक पुसलं. साहेब बसले. बरोबर शिपाई, ड्रायव्हर.

"कडूबा, साहेबांना पाणी आण. जल्दी."

कडूबाने हनुवटी उचलली आणि हापसा दाखवला.

साहेब हसले. त्यांना वाटलं, गंमत आहे. सर्जेराव हसले नाहीत. "चहा तरी टाक स्पेशल."

"स्पेशल म्हंजे?"

"म्हंजे दूध जास्ती!"

"दूध सकाळीच संपलं. मांजरानं पेलं." मग तो साहेबांकडे वळून, माहिती द्यावी तशी म्हणाला, "लई हुशार मांजर हाय, साहेब. हितं तेवढं एकच काम करतंय."

साहेब उठले. तलावाचं काम आणखी अडलं. सर्जेराव त्याच संध्याकाळी गल्ल्यापुढे उभे राहिले आणि म्हणाले, "साहेबराव, एक तर ह्यो राहील न्हाई तर मी येईन. बोला."

साहेबरावांनी आत जाऊन गिरिजाबाईंशी बोलणी केली. झाऱ्याचा आवाज झाला. शेवटी कडूबाला शेताच्या कामावर पाठवायचं ठरलं आणि औरंगाबादहून अप्पाराव आला.

अप्पाराव स्टेशनजवळच्या एका मोठ्या हॉटेलात बरीच वर्षं राबलेला. पांढरा शर्ट, खांद्यावर पांढरं फडकं, आणि चालणं असं की बघणाऱ्याने बाजूला व्हावं. पहिल्याच दिवशी सर्जेरावांना न मागता पाणी मिळालं. ते बराच वेळ पेल्याकडे संशयाने बघत होते. "या साहेब, बसा साहेब, काय घेणार साहेब" असं फाट्यावर कोणी कोणाला म्हटलं नव्हतं. एक-दोन म्हातारे घाबरून परत गेले. भज्यांबरोबर तळलेली मिरची येऊ लागली. रामनिवास शेटजींसाठी बटाट्याची भजी वेगळ्या कढईत निघाली, तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"साहेबराव, आदमी तो ये है," ते म्हणाले. "बिलकुल वक्तशीर."

आणि कडूबा? शेताने त्याच्याबद्दल काही तक्रार केल्याचं कानावर आलं नाही. दुपार टळली की तो हॉटेलात येऊन बसत असे, पण आता बाकावर. गिऱ्हाईक म्हणून.

"अप्पाराव, चहा."

"आणला, साहेब."

"कुठं आणला? मला तर दिसून न्हाई राह्यला."

"आत्ताच सांगितला ना तुम्ही."

"आत्ता म्हंजे किती वेळ झाला! काय राव तुमची सर्विस." मग चहा आला की एक घोट घेऊन, "लई गरम हाय. माणसाचं तोंड भाजवायचं का?"

अप्पाराव खालमानेने कप परत नेत असे. मी त्याच्या जागी असते तर बादली ओतली असती.

आल्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याने हॉटेलातले सगळे कप बाहेर काढले आणि राख व सोडा लावून घासले. कप मुळात पांढरे होते हे गावाला तेव्हा कळलं. घासता घासता तो साहेबरावांना काहीतरी विचारत होता आणि साहेबराव इकडेतिकडे बघून हळू आवाजात उत्तर देत होते. माझं लक्ष यस्टीकडे होतं.

दुसऱ्या दिवशी मी बाकावर बसले, तसा अप्पाराव आला. पाण्याचा पेला ठेवला. थोडा वाकला.

"बाई, आपलं आडनाव?"

मी सांगितलं.

"वा. म्हंजे कोणते? हे आडनाव दोन्हीकडं असतंय, म्हणून इचारलं."

"आम्ही बौद्ध."

"अस्सं. बराबर." त्याचा चेहरा खुलला. रुमालाची घडी नीट बसावी तसा. "मंग आपली व्यवस्था भाईर केलेली हाय, बाई. बसायची जागा पुसून घेतली, वारा पण मस्त येतो. चला, पिशवी मी घेतो."

माझ्या पिशवीत आठवीच्या उत्तरपत्रिका होत्या. ती उचलून तो चालायला लागला आणि मी पिशवीच्या मागे गेले. तो इतका अदबीने बोलला होता की आपल्याला बाहेर काढलं हे उंबरा ओलांडल्यावर माझ्या लक्षात आलं. वळून पाहिलं तर सर्जेराव बशीत फुंकर घालत होते आणि साहेबराव गल्ल्यात काहीतरी शोधत होते.

ओंडक्यावर रामकिसन बसला होता. मोलमजुरी करायचा. त्याची मुलगी शिवकन्या माझ्या वर्गात होती.

"या बाई," तो सरकला. "बढती झाली का?"

मी ओंडक्याच्या टोकावर बसले.

"अप्पाराव माणूस चांगला हाय पण," तो म्हणाला. "ह्या ओंडक्यावर आजवर कुणी फडकं मारलं नव्हतं. आता तर म्हंतो, कोनाड्याला पडदा लावतो."

चहा आला. गरम. आलं घातलेला, वेलचीचा वास. बशी कोरडी, कप असा स्वच्छ की त्यात आभाळ दिसावं. इतका चांगला चहा मला त्या हॉटेलात कधी मिळाला नव्हता. मी तो हातात धरून बसले होते, तेवढ्यात वस्तीतली मुलं आली. सवयीने दारातून आत डोकावली. मग मागे वळली आणि मला पाहिलं.

इतर मुलं लिंबाकडे बघायला लागली. शिवकन्या तशी नव्हती. वर्गातही ती प्रश्न विचारल्याशिवाय खाली बसत नसे.

"बाई, आत जागा न्हाई का?"

आतली तीन रिकामी बाकं दारातून स्वच्छ दिसत होती. तीही पुसलेली होती.

"घरी जा गं," रामकिसन म्हणाला. मुलं गेली, पण पळत नाही. उद्या सकाळी त्यांच्यासमोर फळ्यापुढे उभं राहून मला जंतूंवरचा धडा शिकवायचा होता. जंतू कोणाच्या कपात होतात, हे कोणी विचारलं तर मी काय सांगणार होते?

हाताला चाळा म्हणून मी चहा बशीत ओतला. कप रिकामा होऊन आडवा झाला, तसा त्याच्या बुडाला एक लाल ठिपका दिसला. तेलरंगाचा, नखाएवढा. रामकिसनच्या कपालाही तोच.

"हा ठिपका कसला?"

"आपला," रामकिसन म्हणाला. "साहेबरावनं सोता लावलेत. भायेरचे कप आतल्यात मिसळू नयेत म्हणून. आणि बुडाला का, तर साहेब लोक तपासाया आले तर दिसू नये."

मी तो ठिपका ओळखत होते. कितीतरी महिने बघत आले होते. यस्टीची वाट बघणाऱ्या माणसाला बघायला दुसरं काय असतं? बशीने चहा पिणारा माणूस कप पार पालथा करतो, आणि कपाचं बूड समोरच्याच्या तोंडाकडे येतं. हेडमास्तरांच्या कपाला मी तो ठिपका पाहिला होता. बाजाराला जाणाऱ्यांच्या पाहिला होता. सर्जेरावांच्या कपाला तर इतक्या वेळा, की मला वाटायचं ती कप बनवणाऱ्या कंपनीची खूण आहे.

साहेबरावांनी ठिपका कायद्याला दिसू नये म्हणून खाली लावला. खाली लावला म्हणून तो कडूबाला दिसला नाही. कप उलटा करून बघायला मनगट वळवावं लागतं.

मी कप घेऊन आत गेले. माझा आवाज मोठा नाही; वर्गातही मागच्या बाकावरच्यांना कान द्यावे लागतात. पण अप्पारावच्या राज्यात हॉटेलात शांतता असे.

"सर्जेराव," मी म्हणाले, "हा लाल ठिपका बाहेरच्या कपांना असतो असं आता कळलं. तुम्ही वर्षभर याच कपांतून चहा पिताय. मी समोरच बसत होते, रोज दिसायचा."

सर्जेरावांची बशी ओठांपाशीच थांबली.

"काय बोलून राह्यल्या बाई?"

"हेडमास्तरांच्याही कपाला असायचा. सगळ्यांच्याच, कधी ना कधी."

सर्जेरावांनी बशी खाली ठेवली. साहेबरावांकडे पाहिलं. साहेबरावांनी या वेळी गल्ला बंदच केला. मग दोघांनी मिळून कोपऱ्यातल्या बाकाकडे पाहिलं. तिथे कडूबा गिऱ्हाईक म्हणून बसला होता आणि भजी चिवट झाली म्हणून अप्पारावला बोलत होता.

"कडूबा," सर्जेराव म्हणाले, "तू कप येगळे ठेवत होता का न्हाई?"

"कोणते कप?"

"लाल ठिपक्याचे!"

"ठिपका कुठं हाय?"

"बुडाला."

"बुडाला कोण बघतं, पाटील?" कडूबाला खरंच आश्चर्य वाटलं होतं. "आन् मी कप धूतच नव्हतो, तर येगळे कवा करणार?"

"अरे, भायेरचे कप भायेर, आतले आत, एवढं तर कळतं का न्हाई?"

"एकेका कपासाठी भायेर जायाला उठावं लागतं. हाताला येईल त्यो कप द्यायचा. संपले की कोनाड्यातले आणायचे, आतले जास्ती झाले की कोनाड्यात ठिवायचे." तो आठवून म्हणाला, "तुमच्या पोरीच्या साखरपुड्याला तर कप कमी पडल्ते. तवा कोनाड्यातले सगळेच मी तुमच्या वाड्यावर नेल्ते. मंठ्याच्या सोयऱ्यांनी दोन-दोन डाव चहा पेला. चांगला झाला म्हणले."

सर्जेराव उभेच राहिले. मंठ्याचे सोयरे विटाळाच्या बाबतीत कडक होते. लग्न दिवाळीनंतर ठरलं होतं.

तेवढ्यात कोणीतरी हसलं. रामनिवास शेटजी. पितळी पेला छातीशी धरून हसत होते.

"म्हणूनच मी म्हणतो, आपला पेला आपल्या हातात. मला तर काही वांधा न्हाई."

"शेटजी," कडूबा म्हणाला, "तुमचा पेला मी कशात बुडवत होतो?"

शेटजींचं हसणं थांबलं. त्यांनी भट्टीशेजारी पाहिलं. बादली आता लख्ख होती, पण जागा तीच.

मला वाटलं होतं आता आरडाओरडा होईल. कडूबाला मारतील, किंवा मला. तसं झालं नाही. सर्जेराव खाली बसले आणि विचार करू लागले. त्यांना विचार करताना मी प्रथमच पाहत होते. कपांची गोष्ट खरी असेल तर त्यांचं तोंड बाटलं, म्हाताऱ्या आईचं बाटलं, हेडमास्तर, तलाठी, बाजाराला जाणारं अख्खं गाव बाटलं, आणि मंठ्याला ही गोष्ट सकाळच्या पहिल्या यस्टीने पोचणार होती. सगळ्या गावाला गोमूत्र पाजायचं तर जनावरं पुरली नसती.

"साहेबराव," शेवटी ते म्हणाले, "त्यो ठिपका कंपनीचा असतो."

साहेबरावांचं तोंड उघडं राहिलं. "पण मीच तर..."

"कंपनीचा असतो! मी जालन्याला पाहिला. सगळ्या कपांना असतो. काय शेटजी?"

"अलबत," शेटजी घाईने म्हणाले. "फॅक्टरीचा मार्का."

"कंपनीचाच," तलाठी म्हणाले. ते इतका वेळ तिथे होते हे तेव्हा कळलं.

"मला आधीपासून तसंच वाटायचं," मी म्हणाले. "म्हणजे हे कप आणि ते कप एकच."

"एकच," सर्जेराव म्हणाले.

"मग बाहेरचे कप असं काही नाहीच."

सर्जेरावांनी माझ्याकडे पाहिलं. आपण कुठे येऊन पोचलो हे त्यांना कळलं, पण मागच्या रस्त्यावर मंठा उभा होता. मी बाहेर जाऊन माझी पिशवी उचलली, आत आणली आणि भिंतीकडच्या बाकावर बसले. मग दारातून हाक मारली.

"रामकिसनभाऊ, आत या. बाहेर कप नाहीत."

रामकिसन दारापर्यंत आला आणि उंबऱ्याशी थबकला. अप्पाराव फडकं हातात घेऊन मधोमध उभा होता.

"मालक," तो साहेबरावांना म्हणाला, "मंग मी कप लावू कसे?"

"लाव की कसेही," साहेबराव म्हणाले.

"कसेही?" हा शब्द अप्पारावला कोणीतरी शिवी द्यावी तसा लागला.

तो आणखी काही दिवस राहिला. मिसळलेल्या कपांकडे बघून त्याला झोप येत नसे, असं गिरिजाबाई सांगत. मी आत बसले की तो पाणी आणून ठेवी आणि पुन्हा कपांची बुडं बघत बसे. एका सकाळी त्याने फडक्याची घडी करून गल्ल्यावर ठेवली, "जिथं शिस्त न्हाई तिथं आपलं काम न्हाई" म्हणाला आणि जालन्याची यस्टी धरली. जाताना मलाही नमस्कार करून गेला. माणूस अदबीचा होता.

त्याच्या जागी दुसरा कोणी यायला तयार नव्हता. गिरिजाबाईंनी कडूबाचं पोतं झटकून पुन्हा भट्टीशेजारी ठेवलं. सगळे आधीसारखे बसले असं मात्र नाही. काही जणांनी फाट्यावर थांबणंच सोडलं. सर्जेराव थांबत, पण भोकरदनहून आणलेला नवा पितळी पेला घेऊन. कडूबाने तो धुवायला साफ नकार दिला. "तुमचा पेला, तुमचा हापसा," तो म्हणाला. त्यामुळे संध्याकाळी पाटील हापशावर वाकून स्वतःचा पेला स्वतः घासताना दिसू लागले, आणि त्यांच्यामागे नंबर लावून रामनिवास शेटजी.

मी एकदा कडूबाला म्हणाले, "कडूबा, तुझ्यामुळे झालं हे सगळं."

तो घाबरला. "बाई, असलं कुठं बोलू नका. लोक सभेला बोलावतील, हार घालतील. मला काय त्यातलं कळत न्हाई. मला उठायचा कंटाळा आल्ता, बस."

रामकिसन मात्र पुढचे कितीतरी दिवस ओंडक्यावरच बसत होता. "बसतो बाई, बसतो उद्या" म्हणायचा. एक दिवस शिवकन्या शाळेतून येताना त्याच्यापुढे उभी राहिली. ती काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. तो उठला, पटका सारखा केला, आत आला आणि माझ्या समोरच्या बाकाच्या अगदी टोकावर बसला, यस्टीत तिकीट न काढलेला माणूस बसतो तसा. शेजारच्या बाकावरचे दोघे उठून गेले. बाकीचे बसून राहिले.

"चहा," तो हळूच म्हणाला.

"उकळून राह्यला," कडूबा म्हणाला.

चहा आला तेव्हा माझी यस्टी येऊन गेली असती, पण तीही आली नव्हती. कपाला कान नव्हता. वर साय होती आणि सायीवर कोळशाचा कण. रामकिसनने एक घोट घेतला, गिळला आणि माझ्याकडे पाहिलं.

"बाई, ह्याच्यासाठी एवढं?"

"हो."

"अप्पारावचा लई चांगला व्हता."

"होता."

त्याने कोळशाचा कण बोटाने काढून टाकला. मग घसा साफ करून, आधी दाराकडे आणि मग कोळशाच्या पोत्याकडे बघत म्हणाला, "कडूबा, थंड हाय रे ह्यो."

"मंग फुंकू नको."

तलाठी हसले. रामकिसनही हसायला लागला, आणि हसता हसता बाकावर मागे सरकला, भिंतीपर्यंत.

"दुसरा आण. गरम."

"भट्टी विझली."

"मंग पेटव. फुकट पिऊन राह्यलो का मी?"

कडूबाने डोळे उघडले. "लई घाई असंल तर सोता पेटव."

"मी का पेटवू? मी गिऱ्हाईक हाय!"

तेवढ्यात यस्टी आली. मी पिशवी उचलून धावले. खिडकीतून वळून पाहिलं तर रामकिसनने बाकावर मांडी घातली होती आणि गरम चहा आल्याशिवाय आपण उठणार नाही, असं तो सगळ्या फाट्याला ऐकू जाईल अशा आवाजात सांगत होता. कडूबाही उठणार नाही म्हणत होता.